वस्तू क्रमांक सहा : एक नारळ

निशी-कसाई,
२४ ऑगस्ट २०२५

आत्या,

मागचं पत्र तुझ्या लाल शाईसकट परत आलं. या खेपेला चारच चुका निघाल्या म्हणून मी खूप खूश होते, तर पाचवी पाकिटावरच्या पत्त्यात होती. सव्वीस वर्षांची झाले तरी माझी पत्रं तपासून परत येतात, हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या नियमाप्रमाणे आधी हे हाताने लिहिते आहे. मग फोटो फोनवर येईल आणि कागद मागाहून पोस्टाने.

आत्या, माझ्यावर एक मोठं काम आलंय. आमच्या वॉर्डाच्या छोट्या संग्रहालयात ऑक्टोबरमध्ये एक प्रदर्शन आहे. टोकियोच्या या बाजूला राहून ज्यांनी आपापल्या वस्त्या उभ्या केल्या, अशा सहा कृष्णवर्णीय स्त्रियांचा त्यात सन्मान आहे. एक जण मिश्र कुटुंबांतल्या जपानी आयांना मुलांच्या कुरळ्या केसांच्या वेण्या घालायला शिकवते. उरायासुच्या एक आजी भूकंपाच्या कवायती घेतात, सोप्या जपानीत, हातात भोंगा घेऊन. प्रत्येकीने आपल्या कामाची खूण म्हणून एकच वस्तू द्यायची आहे आणि त्या वस्तूखालची पाटी मी लिहायची आहे. दोनशे अक्षरं. प्रत्येक विधानाला दोन पुरावे. हा दुसरा नियम माझाच आहे, नोमुरा-सान एकावर भागवतात. ते आमचे प्रमुख. माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे आणि ही माझी पहिली पाटी, त्यामुळे मला झोप नाही.

पाच वस्तू रीतसर आल्या. कंगवा आला, भोंगा आला, कामगारांच्या कागदांची फाइल आली. सहाव्या बाई अडोमा-सान. मूळच्या घानाच्या, फुनाबोरीत तीस वर्षं. दर गुरुवारी संध्याकाळी त्या कोमिन्कानच्या, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिराच्या, स्वयंपाकघरात येईल त्या मुलाला जेवू घालतात, आणि मुलं जेवत असताना परदेशी आयांना शाळेची पत्रं वाचून दाखवतात. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांनी चोवीस कुटुंबं वरच्या मजल्यांवर हलवली. मला वाटलं होतं त्या डाव देतील, नाहीतर पातेलं.

त्यांनी नारळ दिला.

शेंडीवाला, सोललेला, आपला नारळ. "हे माझ्या कामाचं फळ," म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की मला काही विचारताच आलं नाही. नोमुरा-सान हसले नाहीत. त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि स्थिती-अहवाल लिहायला घेतला. 'केस : किंचित गळती.' शेंडी मूळची की नंतर लावलेली, असं त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी नारळ हलवला तर आत खडखड वाजलं. ते इतके घाबरले की अहवालात त्यांनी 'आत अज्ञात वस्तू' असं लिहिलं.

कुणी दिला, असं अडोमा-सानना विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याच लोकांपैकी एकीने. अठरा वर्षं झाली. तू शोध, तू शिकलेली आहेस."

अठरा वर्षांपूर्वी तू इथेच होतीस, मला घरी शिकवत होतीस. तुला कुणी आठवतं का? आणि आत काय खडखडतंय?

तुझी,
ओजस्वी


पुणे,
३० ऑगस्ट

ओजू,

आत गोटा झालाय. नारळ वाळला की खोबरं करवंटीपासून सुटतं आणि खुळखुळ्यासारखं वाजतं. हे पाचव्या वर्षी शिकवलं होतं, विसरलीस. त्या नोमुरा-सानना सांग, अज्ञात वस्तू म्हणजे खोबरं. हातमोज्यांचं वाचून इतकी हसले की शेजारच्या कल्पनाबाई दार वाजवून गेल्या. काचेच्या पेटीत ठेवाल तेव्हा शेंडी पाहणाऱ्याकडे करा, नाहीतर तिथले मराठी मंडळवाले तक्रार करतील.

कुणी दिला, हे मला कसं आठवणार? तेव्हा निशी-कसाईत आपली माणसं थोडी नव्हती. घरोघरी सत्यनारायण, घरोघरी नारळ. मंडळाच्या गुणवंतला विचार, त्याला शाली वाटण्याची भारी हौस. त्यानेच दिला असेल. त्यानेच दिला. तसंच लिहून टाक.

तुझ्या पत्रात एक 'खूप' जास्त आहे. बाकी ठीक.

त्या बाई आणखी काय म्हणाल्या? तब्येतीने बऱ्या आहेत ना? केस पिकले असतील. म्हणजे, वयाच्या मानाने पिकले असणारच, म्हणून म्हटलं. नारळाबरोबर आणखी काही दिलं का त्यांनी? शाल वगैरे? आणि त्या काय म्हणाल्या ते नीट लिही.

सरोजिनीआत्या


निशी-कसाई,
१३ सप्टेंबर

आत्या,

गुणवंत काकांनी दिलेला नाही. मी त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्याकडे मंडळाच्या सगळ्या सत्कारांची तारीखवार वही आहे. अडोमा-सानचा सत्कार मंडळाने अकरा वेळा केलाय, पण पहिला २०१० सालचा. हा नारळ त्याच्या तीन वर्षं आधीचा. काका म्हणाले, "ओजस्वी, तुमच्या उद्घाटनाला आम्ही बारावा करणार! शाल आणून ठेवली आहे, जरीची." मी म्हटलं, "काका, कार्यक्रमपत्रिकेत जागा नाही." ते म्हणाले, "सत्काराला जागा लागत नाही, उभं राहिलं की झालं."

मग मी अडोमा-सानच्या गुरुवारी गेले. त्या अकरा शाली तिथेच आहेत. चार खिडक्यांना पडदे, पाच टेबलांवर, आणि दोन लहान बाळांना पांघरायला. नारळांचं काय केलंत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "रस्सा. तुमचं मंडळ नारळ फार चांगला निवडतं." मग हा एकच का ठेवलात? त्या कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "हा जिने आणला, तिने दर गुरुवारी यायचं कबूल केलं होतं. ती आली की फोडू, असं म्हणून ठेवला. मग वर्षं गेली आणि फोडण्यासारखा राहिला नाही. वाजवायला मात्र छान आहे. मुलं रांगेत उभी राहावीत म्हणून वाजवते."

आत्या, मी ते खिशातल्या वहीत जसंच्या तसं उतरवलं, आणि नंतर मला स्वतःची लाज वाटली. सगळे तिथे काही ना काही करत होते. मी उभी राहून टिपणं घेत होते.

आणखी एक. त्याआधी, गेल्या आठवड्यात, बाबांना विचारलं होतं, की २००७ मध्ये नारळ कुणी दिला असेल. बाबा म्हणाले, "थांब, प्लास्टिकचा कचरा ठेवून येतो," आणि खाली गेले. तो रविवार होता. रविवारी आमच्याकडे कुठलाच कचरा नेत नाहीत. बाबा पाऊण तासाने रिकाम्या हाताने परत आले.

नारळ सध्या कीडनाशक धुराच्या खोलीत नऊ दिवस बंद आहे. तुला नवल वाटेल, पण मला त्याची आठवण येते.

तुझी,
ओजस्वी

ता. क. अडोमा-सान धडधाकट आहेत. केस पांढरे आहेत. ते काळे होते हे तुला कसं माहीत?


पुणे,
१९ सप्टेंबर

ओजू,

सगळ्यांचेच केस आधी काळे असतात.

मी तुला लहानपणी शिकवलं, की उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडू नये. पण पाटीची गोष्ट वेगळी. पाटी म्हणजे काही परीक्षा नव्हे. 'एका भारतीय हितचिंतकाकडून भेट' असं लिही. शोभतं, खोटंही नाही आणि दोनशे अक्षरांत बसतं. समजा त्या बिचारीने काही कारणाने शब्द पाळला नसेल. तिच्या घरी कुणी आजारी असेल, अचानक देश सोडावा लागला असेल. तिला भिंतीवर टांगून काय मिळणार? आणि प्रदर्शन त्या सहा जणींचं आहे ना? मग नारळ आणणारीला कशाला मध्ये आणतेस?

दुसरं सुचवू? निशी-कसाईच्या दुकानात ताजे नारळ मिळतात. तो खडखडा बाजूला ठेव आणि एक नवा मांड. चांगला दिसेल. कुणाला कळतंय?

सुशीलला सांग, कचरा वारानुसार टाकत जा.

आत्या


निशी-कसाई,
२७ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत मी तुझी क्षमा मागितली होती, कशाबद्दल ते मला कळेना, म्हणून फाडली.

काल अडोमा-सान येऊन एक शाल देऊन गेल्या. अकरांपैकी नव्हे, त्याच्या आधीची, नारळाबरोबरची. जांभळी, हिरव्या काठाची. त्यांनी ती कधी वापरलीच नव्हती. नोंदीसाठी मी घडी उलगडली आणि आतून चिठ्ठी पडली. इंग्रजीत एकच ओळ, 'येत्या गुरुवारी नक्की येते', आणि खाली सही म्हणून फक्त 'स'. तो मात्र मराठीत.

'नक्की'च्या खाली दोन रेघा होत्या. माझ्या पाढ्यांच्या वहीत तू तशाच दोन रेघा मारायचीस, दुसरी पहिलीपेक्षा जरा लांब.

अडोमा-सान माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुझ्या छातीवरचं नाव वाचलं. या वॉर्डात ओजस्वी नावाच्या किती मुली असणार? तेव्हाच ठरवलं, की डाव द्यायचा नाही, नारळ द्यायचा." आणि पुन्हा हसल्या. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पाट्या ३ ऑक्टोबरला छापायला जातात. मी देणारीची भाची आहे, हे मला नोमुरा-सानना सांगावंच लागेल. ते कदाचित पाटी माझ्याकडून काढून घेतील, आणि मार्चनंतरचंही मग सांगता येत नाही. पण ते राहू दे. नारळ बदल, असं तू मला लिहिलंस. तू! पाढा चुकला तर मी खोडरबराने पुसायचे, तेव्हा तू म्हणायचीस, पुसू नकोस, रेघ मारून बाजूला बरोबर लिही, चूक दिसू दे.

तू सांगशील ते लिहीन, असं म्हणणार होते. तसं म्हणत नाही. तू खरं सांगशील ते लिहीन.

ओजस्वी


पुणे,
३० सप्टेंबर

ओजू,

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. लाल पेन उघडून बसले होते, तसंच बंद केलं.

तू आठ वर्षांची झालीस तेव्हा जपानी शाळेत घालायचं ठरलं. शाळेतून सतरा कागद आले. तुझ्या आईबाबांना ऑफिसातून वेळ नाही आणि मला जपानीचं अक्षर येत नाही. कुणीतरी अडोमाचं नाव सांगितलं. ती तीन दिवस दुपारची आपल्या टेबलाशी बसली, त्याच टेबलाशी जिथे मी तुला शिकवायचे. तिने सगळे कागद भरले, मुख्याध्यापकांना फोन केला, दप्तर कुठलं घ्यायचं, चपलांच्या पिशवीवर नाव कुठे शिवायचं, सगळं सांगितलं. मी विचारलं, याची परतफेड कशी करू? म्हणाली, "दर गुरुवारी ये." मी हो म्हटलं.

मला वाटलं, शिकवायला बोलावतेय. मी एम.ए., बी.एड. इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत तीन पुस्तकं घेऊन गेले. तिने माझ्या हातात तळाला करपलेलं भाताचं पातेलं आणि तारेची घासणी दिली. मी घासलं. चाळीस मिनिटं लागली. ती म्हणाली, "छान. पुढच्या गुरुवारी भेटू."

घरी येऊन सुशीलला सांगितलं, पाठ धरली. पाठ ठीक होती. पुण्यात माझ्या घरी भांड्याला बाई येते, आणि ही बाई मला भांडी घासायला सांगते, असं माझ्या मनात आलं. नुसतं 'ही बाई' असंही नव्हतं. गोऱ्या मडमेने तेच पातेलं दिलं असतं तर मी ते घासून वर फोटो काढून घेतला असता. हे मी तेव्हाही ओळखलं होतं, ओजू. ओळखून घडी घालून ठेवलं. शाल घेतली, नारळ घेतला, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचा सत्कार केला, इंग्रजीत भाषण केलं, आणि पातेल्याला हात लावला नाही. चिठ्ठी ठेवली. त्या शनिवारच्या विमानाने पुण्याला आले. कुणी आजारी नव्हतं.

पुढे गुणवंतलाही मीच फोनवर सुचवलं, की त्या बाईंचा मंडळातर्फे सत्कार करा. म्हणजे त्या अकरा शालीसुद्धा माझ्याच.

लिही. 'हितचिंतक' नको. नाव पूर्ण लिही, आडनावासकट.

आत्या


निशी-कसाई,
१९ ऑक्टोबर

आत्या,

काल उद्घाटन झालं. क्रमाने सांगते, नाहीतर माझा गोंधळ होईल.

नोमुरा-सानना मी सगळं सांगितलं. त्यांनी एक फॉर्म काढला, 'कर्मचारी व वस्तू यांचे नाते', आणि त्यात मला 'आत्याचा नारळ' असं लिहावं लागलं. मग पाटी वाचली. एकेक अक्षर पेन्सिलीने मोजलं. शेवटी म्हणाले, "चार अक्षरं जास्त होतात." मी 'अतिशय' काढला. पाटी माझ्याकडेच राहिली. तुझ्यासाठी मराठीत देते :

'नारळ. महाराष्ट्रात शाल व नारळ देऊन सन्मान करतात. हा नारळ २००७ साली सरोजिनी दातार यांनी अडोमा-सानना दिला. भाचीच्या शाळाप्रवेशासाठी केलेल्या मदतीबद्दल त्यांनी दर गुरुवारी भांडी घासण्यास येण्याचे कबूल केले होते. त्यासाठी त्या एकदाच आल्या. पुन्हा आल्या नाहीत. गुरुवारचे जेवण त्यानंतर आठशेहून अधिक वेळा झाले. पाटीची लेखिका ही ती भाची.'

आता उद्घाटन. सहाही जणी आपापल्या वस्तूपाशी उभ्या होत्या. वॉर्डाचे मोठे साहेब बोलले, टाळ्या झाल्या, आणि तेवढ्यात गुणवंत काका जरीची शाल, नारळ आणि स्वतःचा माईक घेऊन पुढे आले. काका म्हणाले, "आज आमच्या मंडळातर्फे, बाराव्यांदा..." आणि अडोमा-सान म्हणाल्या, "गुणवंत-सान, जरा थांबा. आज मी."

त्यांनी आपल्या पिशवीतून एप्रन काढला, झटकला आणि काकांच्या खांद्यांवरून घालून मागे गाठ मारली. मग पिवळे रबरी हातमोजे दोन्ही हातांनी, अगदी वाकून, दिले. त्यावर घासणी ठेवली. काका सवयीने हात जोडायला गेले तर हातात घासणी. अडोमा-सान म्हणाल्या, "अकरा वेळा तुम्ही माझा सन्मान केलात. हा माझ्याकडून पहिला. गुरुवारी पाच वाजता." उरायासुच्या आजींनी काचेच्या पेटीतून, मी नको नको म्हणत असताना, आपला भोंगा काढला आणि त्यात विचारलं, "आणखी कोण? हात वर!" वॉर्डाच्या साहेबांनी घाम पुसायला हात उचलला होता. तोही मोजला.

आत्या, काका आधी लाल झाले. मग त्यांनी एप्रनचा खिसा चाचपून पाहिला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे हो." सहाही जणी इतक्या हसल्या की फोटोवाल्याचा हात हलला.

सगळे गेल्यावर अडोमा-सान माझ्या पाटीपुढे उभ्या राहिल्या. दोनदा वाचली. मला वाटलं, आता छान म्हणतील. त्या म्हणाल्या, "यात एक चूक आहे. 'पुन्हा आल्या नाहीत.' याला दोन पुरावे आहेत का तुझ्याकडे?"

मी म्हटलं, तुम्ही स्वतः सांगितलंत, आणि आत्याने लिहून दिलंय.

"ते कालपर्यंतचं. गुरुवार संपले का?"

मी रात्रभर तेच वाक्य घोकते आहे. चूक आहे का ग? तूच सांग.

ओजस्वी


पुणे,
२५ ऑक्टोबर

ओजू,

पुराव्याशिवाय काही सांगू शकत नाही.

सुशीलने निमंत्रणाचे कागद केव्हाच पाठवले. 'पाट्या छापायला गेल्या त्या दिवशीच मी ते भरले,' म्हणाला. म्हणजे कचरा टाकणारे सगळं ओळखून होते. व्हिसा परवा हाती येईल. बुधवारी, ५ नोव्हेंबरला सकाळी उतरते. इस्त्रीची साडी आणत नाही. तारेच्या घासण्या सहा आणते आहे, तुमच्याकडे मिळतात त्या नाजूक असतात.

अडोमाला सांगू नकोस. म्हणजे तू सांगशीलच, तुला लपवता येत नाही, मीच तसं शिकवलंय. पण निदान बुधवारपर्यंत थांब.

आत्या


निशी-कसाई,
७ नोव्हेंबर, सकाळी सात

आत्या,

तू आत झोपली आहेस, हे पत्र मी टेबलावर ठेवून ऑफिसला जाते आहे. त्याच टेबलावर. एका घरात असून पत्र लिहायचं म्हणजे मला जरा विचित्र वाटतंय, पण तोंडी सांगितलं तर तू तपासून परत कशी देणार?

काल तू मान वर केली नाहीस, म्हणून तुला दिसलं नसेल ते लिहिते. तू दारात आलीस तेव्हा अडोमा-साननी फक्त पातेलं पुढे केलं. ते पातेलं मुद्दाम करपवलेलं होतं. मी दुपारी चार वाजल्यापासून तिथे होते, त्यांनी गॅस मोठा ठेवून भात विसरल्यासारखं केलं आणि मला डोळा मारला. तू घासत होतीस, शेजारी गुणवंत काका पिवळे हातमोजे घालून पेले विसळत होते, आणि अडोमा-सान तुझ्या मागे तांदूळ निवडत बसल्या होत्या. तू मध्ये एकदा मनगटाने डोळे पुसलेस. त्यांनी ते पाहिलं आणि मुलांवर उगाचच ओरडल्या, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडे जावं.

पुढे तू काय बोललीस त्यांच्याशी, ते मी विचारत नाही. मी तेव्हा कपबशा पुसत होते. वही घरी ठेवली होती.

सोबत एक चिठोरा आहे. तो आज पाटीशेजारी लागेल. नोमुरा-सान म्हणाले, संग्रहालयाच्या एकतीस वर्षांत इतक्या आनंदाने शुद्धिपत्रकावर सही केली नव्हती.

'शुद्धिपत्रक. वस्तू क्रमांक सहा. "पुन्हा आल्या नाहीत" याऐवजी "उशिरा आल्या" असे वाचावे.'

तुझी,
ओजस्वी


(त्याच पत्राच्या पाठीवर, लाल शाईत)

ओजू,

शुद्धिपत्रक तपासलं. बरोबर आहे. पत्रात 'विचित्र' जास्त आहे, काढ.

हात भाजल्यासारखे झालेत, तरी पेन धरवतंय. ती म्हणाली, नारळ प्रदर्शन संपल्यावर परत दे, मुलं रांगेत उभी राहत नाहीत.

मी इथे आणखी तीन आठवडे आहे. पुढच्या गुरुवारी येते, असं तिला सांग. 'नक्की' लिहिलेलं नाही, बघितलंस ना?

आत्या